'लिनक्सवर व्हॅलोरंट चालतं का?' आणि त्यामागोमाग येणारे बाकीचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण जुना लॅपटॉप बगलेत मारून माझ्याकडे येतात. प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा, विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही, मशीन मात्र ठणठणीत. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, घालून देतो म्हटलं की आई-वडील प्रिंटर आणि मराठी टायपिंगबद्दल एखादा प्रश्न विचारतात. मग मागे उभं असलेलं पोरगं पुढे सरकतं आणि खरी उलटतपासणी सुरू होते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

दादा, लिनक्सवर व्हॅलोरंट चालतं का?

नाही. रायट कंपनीचा हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम वाइनमधून चालत नाही, प्रोटॉनमधून नाही (ही दोन काय ते खाली येतंय), व्हर्च्युअल मशीनमधूनही नाही. 'चालतं' म्हणणारा व्हिडिओ सापडलाच तर आधी त्याखालच्या कमेंट वाचा.

म्हणजे लिनक्सवर गेम चालतच नाहीत?

चालतात, आणि बहुतेक चालतात. हे दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मीच हसलो असतो.

वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. (नाशिककरांनी गैरसमज करून घेऊ नये, ही प्यायची नव्हे.) विंडोजचा प्रोग्राम 'ही फाइल उघड', 'ही खिडकी काढ' अशा मागण्या करत असतो. त्या विंडोजऐवजी वाइन ऐकतं आणि लिनक्सला समजतील अशा करून पुढे पाठवतं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने, म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीने, वाइनवर स्वतःचं काम चढवून प्रोटॉन आणला आणि तो थेट स्टीममध्येच बसवला. डायरेक्टएक्स ही विंडोज गेमची चित्रं काढायची भाषा लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके त्यातच आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा संगणक लोकांना मिळाला. ते यंत्र आर्च लिनक्सवर उभं असल्यामुळे प्रोटॉन नीट चालणं ही व्हॉल्व्हच्या धंद्याची गरज झाली.

आज एकट्याने खेळायचा गेम घ्या, स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबा, आणि बहुतेक वेळा तो विंडोजचा होता हेही विसरून जाल. घोडं अडतं ते ऑनलाइन, एकमेकांविरुद्ध खेळायच्या मोठ्या गेममध्ये. तिथे अडवणारा ग्राफिक्स कार्डवाला नसतो, दारावरचा पहारेकरी असतो.

हा पहारेकरी करतो काय नेमकं?

नेट कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तासाला वीस रुपये मोजून बसायचं आणि कोपऱ्यातल्या मशीनवरचा एक जण भिंतीपलीकडूनच टिपतोय. 'ए, हॅक लावलाय त्याने!' असा आरडाओरडा व्हायचा, कॅफेवाला उठून त्याच्या स्क्रीनमागे जाऊन उभा राहायचा. अँटी-चीट म्हणजे तो कॅफेवाला, फक्त सॉफ्टवेअरच्या रूपात. गेमच्या मेमरीत कुणी डोकावतंय का, गेमच्या फाइली बदलल्यात का, माउस माणूस हलवतोय की एमबॉट, म्हणजे नेम आपोआप धरणारा प्रोग्राम, हे तो बघतो.

प्रश्न एवढाच, की तो उभा कुठे राहतो. साधे प्रोग्राम संगणकाच्या बाहेरच्या खोलीत चालतात, त्याला यूझर मोड म्हणतात. आतली खोली म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, कीबोर्ड सगळ्याच्या किल्ल्या तिथे. चीट बनवणारे ड्रायव्हरच्या वेशात आतल्या खोलीत शिरले, मग बाहेर बसलेल्या पहारेकऱ्याला काही दिसेना. म्हणून पहारेकरीही आत शिरला. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच आत जाऊन बसतं, गेम नंतर उघडतो. उशिरा लोड झालं तर आधीच आत बसलेल्या चीटने आपले ठसे पुसलेले असतील, हा त्यामागचा हिशेब.

व्हॉल्व्हचं स्वतःचं व्हॅक मात्र अजून बाहेरच्या खोलीतच बसतं. त्यामुळे काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर मूळ रूपातच चालतात, प्रोटॉनही लागत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये चीटर फार, ही ओरडही त्याच व्हॅकच्या नावाने होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गंभीरपणे खेळणारे म्हणूनच फेसइट या वेगळ्या स्पर्धा-मंचावर जातात, आणि फेसइटचं अँटी-चीट पुन्हा आतल्या खोलीतलं, फक्त विंडोजवालं.

वाइन सगळ्याचं भाषांतर करतं, मग व्हॅनगार्डचं का नाही?

कारण वाइन स्वतःच बाहेरच्या खोलीत उभं आहे. व्हॅनगार्डला हवं असतं ते खरं विंडोज कर्नल: त्याच्या आतल्या याद्या, त्याचे ड्रायव्हर, त्याची मेमरी. लिनक्समध्ये ते अस्तित्वातच नाही. समजा कुणी खपून विंडोज कर्नलचा हुबेहूब देखावा उभा केला, तर 'मी खऱ्या विंडोजवर आहे ना?' हे तपासणं हेच व्हॅनगार्डचं काम आहे. पहारेकऱ्याला फसवणारं वाइन आणि पहारेकऱ्याला फसवणारं चीट, यात त्याच्या नजरेतून फरक करता येत नाही.

याच्या अलीकडचा एक अडथळा मात्र प्रामाणिकपणे सुटला, तो सांगण्यासारखा आहे. विंडोजचे काही गेम आणि त्यांची संरक्षक सॉफ्टवेअर विंडोजच्या लायब्रऱ्यांना मध्ये न घेता थेट कर्नलला हाक मारतात. ही हाक वाइनला ऐकूच यायची नाही, ती सरळ लिनक्स कर्नलवर जाऊन आदळायची. त्यासाठी खुद्द लिनक्स कर्नलमध्येच सोय करण्यात आली, 'सिस्कॉल यूझर डिस्पॅच' नावाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ५.११ आवृत्तीत ती मिळाली. आता अशी हाक कर्नल अडवतं आणि वाइनकडे परत पाठवतं.

पण ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय लिनक्सवर चालतात असं ऐकलंय. मग एक गेम चालतो, दुसरा चालत नाही, असं का?

बरोबर ऐकलंय. ही दोन तयार अँटी-चीट बऱ्याच कंपन्या आपल्या गेममध्ये बसवतात. सप्टेंबर २०२१ मध्ये, स्टीम डेक बाजारात यायच्या आधी, एपिकने ईझी अँटी-चीट वाइन-प्रोटॉनवर चालेल असं जाहीर केलं आणि लगोलग बॅटलआयनेही तेच सांगितलं. पण दोघांनीही चावी गेमवाल्या कंपनीच्या हातात ठेवली. कंपनीने 'हो' म्हटलं तरच चालणार.

'हो' म्हणायला लागतं किती? बॅटलआयच्या बाबतीत त्यांना कळवायचं, झालं. ईझी अँटी-चीटला डेव्हलपरच्या खात्यात लिनक्सचा पर्याय चालू करायचा आणि गेमसोबत एक छोटी लिनक्स लायब्ररी द्यायची. तुमच्या बाजूने स्टीम लायब्ररीच्या टूल्समध्ये 'प्रोटॉन ईझी अँटी-चीट रनटाइम' आणि 'प्रोटॉन बॅटलआय रनटाइम' असे दोन नग आलेले दिसतील. सहसा ते आपोआप उतरतात. कधीकधी उतरत नाहीत आणि गेम मुकाट्याने बंद होतो. माझ्याकडे 'चालत नाही' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटल्या.

आर्मा ३, डेझेड, एल्डन रिंग, डेड बाय डेलाइट, हंट: शोडाउन, आर्क रेडर्स हे 'हो' म्हटलेले. रेनबो सिक्स सीज आणि जीटीए ऑनलाइनमध्ये तेच बॅटलआय आहे, तरी दार बंद. आणि सगळ्यात मजेशीर फोर्टनाइट. ईझी अँटी-चीट एपिकच्याच मालकीचं, फोर्टनाइट एपिकचाच, लिनक्सची सोय जाहीर केली तीही एपिकनेच. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी सांगून टाकलं की फोर्टनाइट काही स्टीम डेकवर येणार नाही. मिठाई विकायची आणि घरच्यांना सांगायचं, आपली नका खाऊ.

स्वीनींचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते पुढच्या प्रश्नात.

लिनक्समुळे खरंच चीटिंग वाढतं, की कंपन्यांची सबब आहे?

थोडं खरं, थोडी सबब, आणि मुळात प्रश्न लिनक्सचा नाहीच.

खरं काय ते आधी. लिनक्सवर चालणारं ईझी अँटी-चीट किंवा बॅटलआय बाहेरच्या खोलीत बसतं. आतली खोली मशीनच्या मालकाची. मालक कर्नलचा सोर्स कोड उतरवून घेऊ शकतो, त्यात चार ओळी बदलून 'गेमची मेमरी या प्रोग्रामला गुपचूप वाचू दे' असं लिहू शकतो आणि ते कर्नल बांधून चालवू शकतो. पहारेकऱ्याला उत्तरं देणारं कर्नलच फितूर. स्वीनींचा मुद्दा हाच होता: हवं तसं बदललेलं कर्नल चालवणाऱ्यांमध्ये, फोर्टनाइटइतक्या मोठ्या प्रमाणावर, चीटर पकडता येतील याची खात्री वाटत नाही.

एपेक्स लेजेंड्सची गोष्ट याच रस्त्याची. मार्च २०२२ मध्ये तो स्टीम डेकवर चालू लागला, लोक अडीच वर्षं खेळले, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने लिनक्सचा दरवाजा लावून घेतला. लिनक्समार्गे येणारे चीट पकडायला जड जातात आणि खरा स्टीम डेक कुठला, स्टीम डेक असल्याचं सोंग घेणारं चीट कुठलं हे खात्रीने ओळखता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. विंडोजवर बसलेला चीटर स्वतःला लिनक्सवाला म्हणवून घेऊन सौम्य पहाऱ्याच्या दाराने आत येऊ शकतो, ही यातली खरी मेख. प्रामाणिक लिनक्सवाल्याचा दोष एवढाच की त्याचं दार रुंद आहे.

आता सबब कुठे आहे ते. विंडोजवर आतल्या खोलीत पहारा असूनही चीटचा बाजार जोरात आहे. संगणकात एक वेगळं कार्ड खोचून दुसऱ्याच मशीनवरून मेमरी वाचणारे आहेत, त्यांना तर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम नीट पाहू शकत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा एक खेळाडू भर मॅचमध्ये पकडला गेला, तो विंडोजच्याच मशीनवर. 'वर्ड डॉट ईएक्सई' असं नाव देऊन त्याने एमबॉट चालवला होता. आयोजकाचा माणूस मशीन तपासायला आला तेव्हा गडी घाईघाईने फाइल मिटवायला बघत होता. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि भारतीय गेमर कित्येक महिने वर्डचे विनोद ऐकत राहिले.

आणि तुमच्या खिशातलं यंत्र बघा. अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्सचंच कर्नल आहे. त्यावर बीजीएमआय बिनधास्त चालतो, मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा होतात. तिथे कुणी म्हणत नाही की लिनक्समुळे चीटिंग होतं. फरक कशात? फोनचं कर्नल तुम्हाला बदलता येत नाही. बूटलोडरला कुलूप, प्रत्येक पायरीवर सही तपासली जाते, आणि फोन रूट केला की बँकेचं ॲपही तोंड फिरवतं. म्हणजे कंपन्यांना लिनक्सचं वावडं नाही. मालकाच्या हातात सगळ्या किल्ल्या असलेल्या मशीनचं आहे. तुम्ही लिनक्स ज्या कारणासाठी घालून घेता, नेमकं तेच कारण त्यांना खुपतं.

लिनक्ससाठीच आतल्या खोलीतलं अँटी-चीट का नाही बनवत?

बनवलं तरी बसवायचं कुठे? विंडोजमध्ये ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची सही लागते आणि आतली रचना बऱ्यापैकी स्थिर असते. लिनक्स कर्नल आपल्या आतल्या रचनेची हमी जाणूनबुजून देत नाही, त्यामुळे बाहेरून आणलेलं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. एनव्हिडियाचे ड्रायव्हर वापरणाऱ्यांना ही कटकट पाठ आहे. त्यात डिस्ट्रो, म्हणजे उबंटू, आर्च असे लिनक्सचे वेगवेगळे अवतार, शंभर. आणि एवढं करूनही मूळ दुखणं तसंच, कारण मॉड्यूल ज्या कर्नलमध्ये बसणार ते मालकाने बदललेलं असू शकतं.

शिवाय गेमसाठी बंद सोर्सचं मॉड्यूल आपल्या कर्नलमध्ये घालून घ्यायला किती लिनक्सवाले तयार होतील? मी होणार नाही.

लीग ऑफ लेजेंड्स तर वर्षानुवर्षं चालत होता ना?

चालत होता, वाइनवर, अधिकृत पाठिंब्याशिवाय, लोकांनी एकमेकांच्या मदतीने टिकवलेला. मे २०२४ च्या सुरुवातीला रायटने त्यात व्हॅनगार्ड आणलं आणि एका अपडेटमध्ये सगळं संपलं. लिनक्सवर रोज खेळणारे साधारण ८०० आहेत, असा आकडा तेव्हा रायटनेच दिला होता. कोट्यवधी खेळाडूंच्या गेममध्ये ८०० म्हणजे लग्नाच्या पंगतीत एका पानाला मीठ वाढायचं राहिलं, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण त्या आठशेंपैकी दोघं माझ्या ओळखीचे होते.

काल चालत होता, आज नाही. मी काय बिघडवलं?

बहुधा काहीच नाही. तीन शक्यता.

एक, कंपनीने विचार बदलला. जीटीए ऑनलाइन स्टीम डेकवर छान चालत होता. १७ सप्टेंबर २०२४ ला त्यात बॅटलआय आलं, लिनक्सचा पर्याय चालू केला नाही, आणि लोक बाहेर फेकले गेले. कथा मोडमधला जीटीए ५ अजून चालतो. बॅटलफील्डच्या जुन्या भागांचंही असंच झालं, कंपनीचं स्वतःचं अँटी-चीट मागाहून बसवलं गेलं आणि पैसे मोजून घेतलेला गेम लिनक्सवर बंद पडला. ऑक्टोबर २०२५ चा बॅटलफील्ड ६ तर आला तोच सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) अट घेऊन.

दोन, प्रोटॉनची आवृत्ती बदलली. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन जुनी आवृत्ती किंवा एक्सपेरिमेंटल निवडून बघा.

तीन, डिस्ट्रोने खालून गालिचा ओढला. याचं उत्तम उदाहरण ऑगस्ट २०२२ चं. लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामखाली ग्लिबसी नावाची मूळ लायब्ररी असते. प्रोग्रामला हवं ते फंक्शन पटकन सापडावं म्हणून तिच्यात एक अनुक्रमणिका असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. जुन्या पद्धतीची आणि नव्या पद्धतीची अशा दोन अनुक्रमणिका कित्येक वर्षं शेजारी शेजारी नांदत होत्या. ग्लिबसी २.३६ ने जुनी गाळली, कारण सगळे नवीच वापरतात असा समज होता. ईझी अँटी-चीट जुनीच वाचत होतं. आर्चसारख्या डिस्ट्रोवर, जिथे ताजं सॉफ्टवेअर तत्काळ येतं, अपडेट केल्याबरोबर गेम आडवे झाले.

त्या आठवड्यात मी दोन संध्याकाळी प्रोटॉन उलटापालटा करून पाहिला, गेम पुसून ४० जीबी पुन्हा उतरवला, राउटरलाही शिव्या घातल्या. दोष होता एका जुन्या अनुक्रमणिकेचा. आर्चने ती परत घालून दिली तेव्हा सगळं आपोआप सुरू झालं. तेव्हापासून काही बंद पडलं की आधी प्रोटॉनडीबीवर, म्हणजे कुठला गेम लिनक्सवर चालतो हे खेळाडूच नोंदवतात त्या साइटवर, त्याच दिवशीच्या नोंदी बघतो, हात नंतर लावतो.

लिनक्सवरून खेळलो म्हणून अकाउंट बॅन होईल का?

कंपनीने दार उघडं ठेवलेल्या गेममध्ये ही भीती बाळगू नका. दार बंद असेल तर सहसा गेम सुरूच होत नाही किंवा सर्व्हर बाहेर काढतो, तेवढ्यावर भागतं.

पण 'सहसा' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. जानेवारी २०२० मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीकेवर बॅटलफील्ड ५ खेळणाऱ्या काहींना बॅन केलं गेलं, त्यांनी चीट न लावताही. डायरेक्टएक्सच्या मूळ फाइलींच्या जागी दुसऱ्या फाइली दिसल्या, एवढं पहाऱ्याला पुरलं. असा गोंधळ फक्त लिनक्सवाल्यांच्याच वाट्याला येतो असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधली 'अँटी-लॅग प्लस' ही सोय काउंटर-स्ट्राइक २ च्या आत हात घालते म्हणून विंडोजवर व्हॅकने लोकांना बॅन केलं होतं. ते पुढे मागे घेतलं गेलं.

डेस्टिनी २ च्या बाबतीत गेम बनवणाऱ्या बंजीने स्पष्ट बजावलंय: अटकाव चुकवून खेळायचा प्रयत्न केलात तर बॅन. त्यामुळे माझं धोरण सोपं आहे, बंद दाराला खिडकी शोधायची नाही. चार वर्षांचं अकाउंट, त्यावर घेतलेल्या स्किन, सगळं एका प्रयोगापायी घालवण्यात अर्थ नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज घालून?

व्हॅनगार्ड ओळखतं आणि नकार देतं. ग्राफिक्स कार्ड सरळ व्हर्च्युअल मशीनला जोडून देणारे हौशी लोक काही गेम चालवतात, पण मशीन खरं असल्याचं भासवण्यासाठी ज्या युक्त्या लागतात त्या चीटवाल्यांच्याच पिशवीतल्या. वर बॅनबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा.

मग ड्युअल बूट करू का? काय सांभाळू?

अडलेला गेम सोडवत नसेल तर एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम ठेवायचा हाच राजमार्ग. पण एक प्रसंग सांगतो.

मावसभावाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होतं, शेजारी मी उबंटू घातलं. घालताना सिक्युअर बूट बंद केलं, कारण एनव्हिडियाचा ड्रायव्हर कुरकुर करत होता. आठवड्याने फोन आला: व्हॅलोरंट सिक्युअर बूट मागतंय. विंडोज ११ वर ते टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. 'बायोसमध्ये जा, चालू कर,' मी फोनवर सांगून मोकळा. दहा मिनिटांत पुन्हा फोन, या वेळी आवाज बारीक. निळी स्क्रीन आली होती आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागलेलं कुलूप, ४८ आकडी किल्ली मागत होतं. बूटच्या सेटिंगला हात लागल्याने त्याला मशीन संशयास्पद वाटलं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. खातं कुठल्या ईमेलचं हे भावाला आठवेना. शेवटी ते निघालं मावशीच्या ईमेलचं, लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानात घाईत टाकलेलं. मावशीने चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवला, त्याने टाइप केला.

तेव्हा क्रम असा ठेवा. बिटलॉकरची किल्ली आधी कागदावर. मग सिक्युअर बूट चालू असतानाच लिनक्स घाला. उबंटू आणि फेडोरा ते चालू असतानाही नीट बूट होतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी उबंटूचा इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' विचारतो. तिथे घाबरून 'कंटिन्यू' दाबू नका, एनरोल निवडून तोच पासवर्ड द्या. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर त्याची डिस्क लिनक्सला अर्धवट कुलूपबंद मिळते. जमलं तर विंडोज वेगळ्या एसएसडीवर ठेवा. अपडेटच्या भरात ते बूटची व्यवस्था आपल्या नावावर करून घेतं असा माझा अनुभव आहे. आणि दोन्हीकडून एकाच विंडोज फॉरमॅटच्या ड्राइव्हवरून गेम चालवायचा मोह टाळा, प्रोटॉनला तिथे फाइलींच्या नावांवरून अडचण येते.

विंडोजवर तरी हे आतल्या खोलीतलं प्रकरण सुरक्षित आहे का?

पहारेकऱ्याला घराची किल्ली दिली की तो चांगला निघेल आणि किल्ली कुठे हरवणार नाही, या दोन्हींवर विसंबावं लागतं. दोन्ही बाजूंनी धडे मिळालेत.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ईएसईए या काउंटर-स्ट्राइक लीगच्या अँटी-चीट प्रोग्राममधून खेळाडूंच्या मशीनवर गुपचूप बिटकॉइन काढले जात होते. जवळपास १४,००० संगणक त्यात सापडले आणि न्यू जर्सी राज्याशी कंपनीला १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. हा पहारेकऱ्याच्याच घरातला चोर.

दुसरा प्रकार २०२२ चा. गेन्शिन इम्पॅक्टचा 'एमएचवायप्रॉट२' हा अँटी-चीट ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी, उचलला. रीतसर सही असलेला असल्याने विंडोज त्याला आत घ्यायचं, आणि त्याच्या हातून ते अँटी-व्हायरस बंद पाडायचे. बळी पडलेल्या मशीनवर गेन्शिन असण्याचीही गरज नव्हती, ड्रायव्हरची फाइल ते सोबतच आणत.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते आठवत असेल. ते अँटी-चीट नव्हतं, सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं. पण बसलं होतं त्याच खोलीत. त्यानंतर सुरक्षेच्या कंपन्यांना कर्नलबाहेर काम करता यावं अशी सोय मायक्रोसॉफ्ट करू लागली. व्हॉल्व्हनेही ऑक्टोबर २०२४ पासून आतल्या खोलीतलं अँटी-चीट असेल तर स्टीमच्या पानावर तसं लिहिणं गेमवाल्यांना बंधनकारक केलं. विकत घेण्याआधी ती पिवळट पट्टी वाचत जा.

घ्यायच्या आधी कसं तपासू?

प्रोटॉनडीबीवर गेमचं नाव टाका, पण 'गोल्ड', 'प्लॅटिनम' अशा पदव्यांवर जाऊ नका, ताज्या नोंदी वाचा. अँटी-चीटसाठी 'आर वी अँटी-चीट येट' ही वेगळी यादी आहे. तिथे 'डिनाइड' दिसलं की विषय संपला, 'ब्रोकन' दिसलं तर थोडी आशा. हेलडायव्हर्स २ मध्ये एनप्रोटेक्ट गेमगार्ड हे अँटी-चीट आहे, नाव ऐकून मी हात झटकले होते, आणि तो लिनक्सवर चालतो. मार्व्हल रायव्हल्सही चालतो. म्हणून अंदाजाने काही ठरवू नका. पैसे घालून फसलात तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परतावा मिळतो.

पुढे बदलेल का हे?

ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांवर गेला. नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीखाली ठेवायचा लिनक्सवाला डबा. ग्राहक वाढले की कंपन्या हिशेब पुन्हा मांडतील. माझी शंका वेगळी आहे. उद्या 'फक्त व्हॉल्व्हची सही असलेलं, कुलूपबंद कर्नल असेल तरच आत या' असा तोडगा निघेल आणि फोर्टनाइट लिनक्सवर आल्याच्या बातम्या झळकतील. तुमच्या-माझ्या हाताने घातलेल्या उबंटूवर मात्र तो तेव्हाही उघडणार नाही.

शेवटचं सांगा दादा, घालू का नको?

रोज काय खेळतोस त्या तीन गेमची नावं एका कागदावर लिहून आण. लॅपटॉप त्यानंतर उघडू.